'सर्वांना' म्हणजे नक्की कुणाला?

टेंभुर्णीत उन्हाळ्यात हायवेच्या कडेला चहा पीत बसलं आणि समोरून पाण्याचा टँकर गेला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "दुष्काळ आवडे सर्वांना!" बाकीचे हसतात आणि विषय संपतो. बोलणाऱ्याने पी. साईनाथ यांचं पुस्तक वाचलेलं असतंच असं नाही. हे एका पुस्तकाचं नाव आहे हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुस्तकाचं नाव म्हण होऊन बसणं हे लेखकाचं आणि अनुवादकाचं मोठंच यश आहे. पण म्हणीचा एक तोटा असतो. ती बोलून झाली की पुढे कुणी काही विचारत नाही.

मला ते विचारायचं आहे. 'सर्वांना' म्हणजे कुणाकुणाला? आणि 'आवडतो' म्हणजे नेमकं काय होतं, कुठल्या कागदावर होतं?

पुस्तक आणि त्याचं नाव

'एव्हरीबडी लव्ज अ गुड ड्रॉट' १९९६ मध्ये आलं. एका इंग्रजी दैनिकाची फेलोशिप घेऊन साईनाथ देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत फिरले होते, त्या वार्तापत्रांचं हे पुस्तक. हेमंत कर्णिक यांनी ते मराठीत आणलं. मी ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात हॉस्टेलवर वाचलं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे जेव्हा अभ्यासाचं सोडून सगळंच गोड लागतं तेव्हा.

पुस्तकाची ताकद साध्या गोष्टीत आहे. साईनाथ आधी पाऊस मोजतात. कालाहांडी किंवा पलामूसारख्या 'दुष्काळी' म्हणून गाजलेल्या जिल्ह्यांत सरासरी पाऊस चांगला पडतो हे ते दाखवतात. आमच्या सांगोल्यात त्याच्या निम्माही पडत नाही. मग दुष्काळ कुठून येतो? तो जाहीर होतो. एकदा जाहीर झाला की मदतीचा पैसा येतो, कंत्राटं निघतात, आणि घाई असल्यामुळे नेहमीची तपासणी बाजूला राहते. पलामूत लोक या मदतीला तिसरं पीक म्हणतात असं साईनाथ नोंदवतात. खरीप, रब्बी आणि मदत.

मराठी नावातला 'आवडे' हा शब्द रोजच्या बोलण्यातला नाही, तो अभंग-ओव्यांकडून आला आहे. त्यामुळे नाव कानाला जुनं, ओळखीचं वाटतं. इंग्रजी नावात उपरोध आहे, मराठीत त्यावर एक शहाणपणाचा लेप चढला आहे. 'जगाची रीतच अशी' असा. माझी तक्रार तिथून सुरू होते. रीत म्हटली की ती कुणी घालून दिली, कुठल्या नियमाने चालते, हे विचारायची गरज उरत नाही. साईनाथांनी कागद वाचले, आपण फक्त मुखपृष्ठ वाचलं.

कलम ५०

म्हणून आधी एक कागद वाचू. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. त्याचं ५० वं कलम आपत्कालीन खरेदीबद्दल आहे. आपत्ती आली आहे किंवा येऊ घातली आहे आणि बचाव किंवा मदतीसाठी ताबडतोब खरेदी लागणार आहे अशी राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाची खात्री पटली, तर ते तशा खरेदीला परवानगी देऊ शकतं. मग निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ झाली असं समजलं जातं. हा पहिला भाग. दुसरा भाग असा, की माल कसा वापरला गेला याबद्दल नेमलेल्या अधिकाऱ्याने दिलेलं प्रमाणपत्र हेच हिशोबासाठी वैध व्हाउचर समजलं जाईल.

चर्चा नेहमी पहिल्या भागावर होते. टेंडर नाही काढलं, ओळखीच्याला काम दिलं, वगैरे. मला पहिला भाग बरोबर वाटतो. पुरात अडकलेल्या गावाला होड्या हव्या असताना एकवीस दिवसांची निविदा काढत बसणं हा गुन्हा ठरेल. माझी नजर दुसऱ्या भागावर अडकते. तिथे 'समजलं जाईल' असं म्हटलं आहे. म्हणजे माल पोचला का, किती पोचला, कुणी खाल्ला, या प्रश्नांचं उत्तर एका सहीत मावतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ज्या फंक्शनने काम केलं, त्यानेच 'काम झालं' असं परत पाठवलं आणि आपण ते खरं मानून पुढे गेलो. त्यात तपासणी अशी कुठे झालीच नाही.

घाईत निविदा माफ करणं समजू शकतं. पण घाई संपल्यावरचं वाचन का माफ करायचं?

बिल्ला

दुष्काळ ही तर घाईची आपत्तीच नाही. पूर रात्रीत येतो, भूकंप सेकंदांत येतो. दुष्काळ सहा महिने आधी कळवून येतो. महाराष्ट्र सरकारने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सांगोला त्यात होता. चारा छावण्यांचा शासन निर्णय निघाला जानेवारी २०१९ मध्ये. त्यानंतर अर्ज, मंजुऱ्या, अटी. छावण्या भरल्या तेव्हा उन्हाळा तापला होता. जी खरेदी दिवाळीच्या आधी शांतपणे ठरवता आली असती, ती चैत्रात तातडीची झाली.

छावण्या कलम ५० खाली काढल्या होत्या असं मी म्हणत नाही. त्यांचे स्वतंत्र शासन निर्णय होते. पण आतला तर्क तोच. संस्थेने छावणी चालवायची, आधी स्वतःचा पैसा घालायचा, जनावरं मोजून बिल लावायचं. मे २०१९ मध्ये मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये आणि लहान जनावरामागे ५० रुपये असा दर झाला होता.

आधीच्या खेपेचा अनुभव सरकारच्या गाठीशी होता. २०१२ ते २०१४ च्या छावण्यांत जनावरं कागदावर जास्त आणि दावणीला कमी, अशा तक्रारी झाल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, गुन्हे दाखल झाले. त्यामुळे २०१९ मध्ये तंत्रज्ञान आलं. प्रत्येक जनावराच्या कानात बारकोडचा बिल्ला आणि रोज मोबाइलवर त्याचं स्कॅनिंग. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात होतो. सुट्टीत मामाकडे गेलो तेव्हा हे पाहून मला मनापासून आनंद झाला. वाटलं, आता चोरी संपली.

मामाचं गाव सांगोला तालुक्यात. छावणीत त्याची एक म्हैस, एक गाय आणि एक कालवड होती. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हैस नव्हती. पैशांची नड होती, म्हणून त्याने ती बाजारात विकली होती. संध्याकाळी छावणीतला पोरगा मोबाइल घेऊन दावणीवरून फिरत आला. गाय स्कॅन झाली, कालवड झाली. मग त्याने खिशातून तारेत ओवलेले पिवळे बिल्ले काढले आणि एकेक करून तेही स्कॅन केले.

मी मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "म्हस विकली रं, बिल्ला न्हाय विकला."

बिल्ल्याच्या बदल्यात काय मिळालं, तर गाईला रोज थोडं जास्तीचं वाढं आणि पेंडीचा एखादा जादा घास. म्हैस गेल्यानंतर छावणी आणखी चाळीस दिवस चालली. शंभर रुपयांनी चार हजार होतात. मामाच्या वाट्याला त्यातलं किती आलं असेल? कदाचित चारशेचा चारा. ही एका म्हशीची गोष्ट आहे, तिच्यावरून सगळ्या छावण्यांचा निकाल लावता येणार नाही. पण त्या संध्याकाळी मला एक धडा मिळाला. बारकोड बिल्ला मोजत होता, म्हैस मोजत नव्हता. आणि स्कॅन करणारा हात त्याचाच होता, ज्याला बिल लावायचं होतं. कलम ५० मधल्या सहीची जागा फक्त मोबाइलने घेतली होती.

छावणीवाल्याची बाजूही ऐकली. तो गावातलाच, मामाला 'दाजी' म्हणणारा. त्याने पेंडवाल्याची आणि ऊसवाल्याची उधारी उचलली होती. "बिल कवा निघंल, त्यातलं किती कापतील, ह्याची गॅरंटी हाय का?" असं त्याचं म्हणणं. हे बहाणे म्हणून सोडून देता येत नाही. सांगोला-मंगळवेढ्यातल्या छावण्यांची बिलं पुढे खरोखरच वर्षानुवर्षं रखडली, त्यासाठी आंदोलनं झाली. सरकार पैसे उशिरा देणार आणि कापून देणार हे माहीत असलं, की छावणी कोण घेतं? ज्याच्याकडे दोन-चार महिने पैसा अडकवायची ताकद आहे किंवा वर ओळख आहे तो. आणि कपात गृहीत धरून तो आधीच आकडा फुगवतो. मग अधिकारी फुगवटा गृहीत धरून आणखी कापतात. यात सगळ्यात आधी मरतो तो सरळ हिशोबाने छावणी चालवणारा.

आमचा ऊस

आता टेंभुर्णीकडे वळतो, कारण मामावर बोट ठेवून लेख संपवणं सोपं आहे.

टेंभुर्णी माढा तालुक्यात येते, उजनीच्या जवळ. आमच्याकडे धरण, कालवा, ऊस आणि एमआयडीसी. सांगोल्याच्या मानाने आम्ही बागायतदार. त्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली होती, म्हणजे पाणी मृतसाठ्यात होतं, पण काही रानांत ऊस उभा होता. कारखान्यांचा हंगाम संपलेला. छावण्यांना चारा हवा होता. ट्रॅक्टर दारात आले. आमचाही ऊस गेला. रोख, जागेवर आणि कारखान्यापेक्षा बरा भाव. त्या पैशातून माझ्या शेवटच्या वर्षाची फी भरली गेली.

यात कुणी कायदा मोडला नाही. ऊस खरा होता, वजन खरं होतं. तरीही दुष्काळ जाहीर झाल्यावर कुणाचं भलं झालं, या यादीत माझं नाव येतं.

साईनाथांच्या पुस्तकाशी माझं भांडण इथे आहे. त्यांच्या उपरोधातल्या 'सर्वां'मध्ये ज्यांनी दुष्काळ भोगला ते नाहीत. कंत्राटदार, पुढारी, अधिकारी, सावकार एका बाजूला आणि लुटले गेलेले दुसऱ्या बाजूला. ज्या जिल्ह्यांत ते फिरले तिथे चित्र तसं असेलही. आमच्याकडे मात्र लुटल्या जाणाऱ्यालाही एक छोटा वाटा मिळतो. वाढ्याची एक पेंढी, पेंडीचा एक घास. हा वाटा इतका लहान असतो की त्याने कुणाचं भलं होत नाही, पण तोंड बंद राहायला तो पुरतो. मामा उद्या ग्रामसभेत उठून छावणीच्या हिशोबाबद्दल विचारू शकेल का? पुस्तकात लुटारूंचं वर्णन अचूक आहे, पण या गप्प बसण्याचं अर्थकारण तिथे सापडत नाही. आणि मराठी वाचक 'सर्वांना' म्हणून हसतो तेव्हा तो स्वतःला त्यात मोजत नाही.

काटकसरीने मेलेली माणसं

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग मदतच कमी करा, एकेक दाणा तपासा. या उपायाची परीक्षा आपल्याच मुलखात होऊन गेली आहे.

१८७३-७४ मध्ये बिहार-बंगालात दुष्काळ पडला. सर रिचर्ड टेंपल हा अधिकारी तिथे होता. ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला गेला. भूकबळी जवळजवळ झाले नाहीत. बक्षीस काय मिळालं? उधळपट्टी केली म्हणून टीका. तांदूळ उरला, जास्त भावाने घेतला, गरज नसलेल्यांना दिला, असे आक्षेप. आजच्या भाषेत, खरेदी घोटाळा.

१८७७ च्या सुरुवातीला त्याच टेंपलला मद्रास आणि मुंबई इलाख्याच्या दुष्काळावर पाठवलं, तेव्हा तो धडा शिकून आला होता. कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक रतल धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे, इतकी खाली आणली गेली. सोलापूर हा तेव्हा अतिशय होरपळलेला जिल्हा. मुंबई इलाख्यात मजुरांनी दुष्काळी कामं सोडली. त्या दुष्काळात लाखोंच्या संख्येने माणसं गेली.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हा काय केलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली, गावोगावचे वृत्तान्त तयार केले आणि सरकारला लिहून पाठवले. मजुरी किती, धान्य किती, माणसं कुठे गेली. त्यांनी 'सरकार चोर आहे' अशी म्हण तयार केली नाही. सरकारी आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवला.

म्हणजे चूक दोन बाजूंनी होते. एका बाजूला डोळे मिटून केलेली सही आणि दुसऱ्या बाजूला घोटाळ्याच्या भीतीने आखडलेला हात. माणसं दुसऱ्या चुकीने जास्त मरतात. जो वाचक फक्त 'सगळे खातात' एवढंच शिकला, तो नकळत टेंपलच्या दुसऱ्या रूपाला मत देतो.

शेजारी ठेवलेला आकडा

अशा दुसऱ्या आकड्याने काय होतं याचं अलीकडचं उदाहरण आहे. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडची दुसरी लाट भरात असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे पीएम केअर्समधून आलेल्या व्हेंटिलेटरचा विषय आला. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला, म्हणजे घाटीला, १५० यंत्रं मिळाली होती. त्यांतली वापरात आणलेली ११३ सदोष निघाली, असं रुग्णालयाच्या अहवालात होतं. केंद्राची बाजू अशी की यंत्रं ठीक आहेत, ती नीट हाताळली गेली नाहीत. वाद पुढे चालला. पण माझ्यासाठी मुद्दा हा, की खरेदी करणारा आणि पुरवणारा यांच्याशिवाय तिसऱ्या कुणीतरी, ज्याच्या हाताखाली रुग्ण होता त्या डॉक्टरने, लिहून ठेवलं होतं. म्हणून न्यायालयाला वाचण्यासारखं काही होतं.

उलट उदाहरण मुंबईचं. महालेखापालांनी महापालिकेच्या खर्चाचं विशेष लेखापरीक्षण केलं, तो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत आला. त्यात कोविडचा खर्च तपासता आला नाही, कारण महापालिकेने साथरोग कायद्याकडे बोट दाखवून ती कागदपत्रं दिली नाहीत. तिथे भ्रष्टाचार झाला की नाही, हा वेगळा प्रश्न. पण घाईसाठी दिलेली सूट घाई संपल्यावर पडदा म्हणून वापरता येते, हे त्यातून दिसतं.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि ते फार हुशारीचं नाही. ज्या गोष्टी दर काही वर्षांनी लागणारच आहेत, चारा, टँकर, ताडपत्री, औषधं, त्यांचे दर आणि पुरवठादार शांततेच्या काळात निविदा काढून ठरवून ठेवता येतात. स्कॅन करणारा आणि बिल लावणारा हे दोघे वेगळे ठेवता येतात. बिल ठरल्या दिवशी देता येतं, म्हणजे सरळ माणसाला छावणी परवडेल. आणि आपत्ती संपल्यावर कुणाकडून काय, किती, कितीला घेतलं, कुणाच्या दावणीला पोचलं, हे गाववार जाहीर करता येतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मामाच्या नावापुढे 'मोठी जनावरं २' असं लिहिलेलं दिसलं असतं, तर गावानेच विचारलं असतं, दुसरं कुठाय? आणि मामाला तो बिल्ला देताना शेजाऱ्याची लाज वाटली असती.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. माढा तालुक्यातली गावं पाण्यात गेली. ज्या तालुक्याला आम्ही उन्हाळ्यात टँकरसाठी ओळखतो, तिथे गोठ्यात पाणी शिरून जनावरं वाहून गेली. पुन्हा चारा, पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा याद्या. मामाचा फोन आला, आमची चौकशी करायला. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्याकडं आता लिस्टा सुरू झाल्या आसतील."

मी म्हणालो, "हो मामा."

"मग वाचून घे नीट," तो म्हणाला. "तू शिकल्याला हायस."

तो थट्टेत म्हणाला की मनापासून, मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गावातल्या ग्रुपवर आलेली यादी मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. अडीचशेच्या आसपास नावं होती. पाण्यापासून दूर असलेल्या, माझ्या ओळखीच्या दोन घरांची नावं त्यात होती. त्यांतल्या एका घरी मी लहानपणापासून जेवलो आहे.

मी अजून काही विचारलेलं नाही. हा लेख लिहिताना ती यादी समोर उघडी आहे.